पाहुण्याला पडदा केवढा दिसतो?

एका शाळेच्या संगणककक्षात नववीच्या मुलांना लिनक्सची ओळख करून द्यायची होती. संगणकांवर विंडोज होते आणि ते काढून टाकण्याची परवानगी नव्हती. म्हणून शिक्षकांनी व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम घेतला आणि त्याच्या आत लिनक्स बसवले. तास सुरू झाला. लिनक्सही सुरू झाले, पण मोठ्या पडद्याच्या मधोमध एका लहानशा चौकटीत. भोवती सगळा काळोख. मुले जी जी खिडकी उघडत, तिचा खालचा भाग चौकटीबाहेर जाई. शिक्षकांनी पडद्याचा आकार बदलण्याची खिडकी उघडली. त्या खिडकीतले 'लागू करा' हे बटणच खाली, दिसेनासे झालेले! आकार बदलायचा तर बटण दाबायला हवे, आणि बटण दिसायचे तर आकार बदलायला हवा. तास तसाच संपला. जाताना मुले म्हणाली, "लिनक्समध्ये नीट दिसत नाही."

हा निष्कर्ष चुकीचा होता. लिनक्समध्ये बिघाड नव्हता, संगणकातही नव्हता. आपला पडदा केवढा आहे हे लिनक्सला कुणी सांगितलेच नव्हते. ते कोण सांगते आणि या वेळी का सांगितले गेले नाही, हे कळले की दुरुस्ती अवघड राहत नाही.

पडदा म्हणजे ठिपक्यांचा तक्ता

संगणकाचा पडदा म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा, तक्ता. आडव्या ओळीत किती पिक्सेल आणि अशा ओळी किती, या दोन संख्यांना व्यवहारात रेझोल्यूशन म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीत ६४० × ४८० पिक्सेलांचे चित्र १६ रंगांत दाखवता येई. आज १९२० × १०८० हा आकार सर्वसाधारण झाला आहे.

आपल्या संगणककक्षातली चौकट ८०० × ६०० ची होती. म्हणजे ४,८०,००० पिक्सेल. पडदा मात्र १९२० × १०८० चा, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलांचा. चारपटींहून अधिक जागा उपलब्ध असताना लिनक्स चतकोरापेक्षाही कमी जागेत अंग चोरून बसले होते.

मॉनिटरचे ओळखपत्र

खऱ्या संगणकाला आपण मॉनिटर जोडतो आणि चित्र आपोआप योग्य आकारात येते. हे कसे घडते?

फार पूर्वी ते आपोआप घडत नसे. मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे पाहून माणसालाच ते संगणकात भरावे लागत. आकडे चुकले तर चित्र वेडेवाकडे येई, आणि काही जुने मॉनिटर चुकीच्या आकड्यांनी कायमचे बिघडण्याचीही भीती असे. १९९४ मध्ये व्हेसा या उद्योगसंस्थेने यावर एक तोडगा प्रमाणित केला. मॉनिटरने स्वतःची माहिती स्वतःजवळ बाळगायची आणि संगणकाने विचारली की त्याच तारेतून द्यायची. या माहितीच्या तुकड्याला ईडीआयडी म्हणतात. आपण त्याला मॉनिटरचे ओळखपत्र म्हणू या.

हे ओळखपत्र मुळात फक्त १२८ बाइटांचे आहे. त्यात बनवणाऱ्या कंपनीचे तीन अक्षरी चिन्ह, मॉनिटरचा क्रमांक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि मुख्य म्हणजे कोणकोणते आकार दाखवता येतात त्यांची यादी असते. शेवटचा बाइट मोठा मजेशीर आहे. तो असा निवडलेला असतो की सर्व १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने नि:शेष भाग जावा. वाटेत एखादा बाइट बिघडला तर बेरीज जुळत नाही आणि वाचणाऱ्याला चूक कळते.

म्हणजे मॉनिटर जोडताच एक छोटासा संवाद घडतो. "तू कोण? तुला काय काय जमते?" "हे माझे ओळखपत्र." मग संगणक यादीतला योग्य आकार निवडतो. आणि उत्तरच आले नाही तर? तर संगणक कोणत्याही पडद्यावर बहुधा चालेल असा लहान आकार धरून चालतो. आपण अंधाऱ्या अनोळखी खोलीत लहान पावले टाकतो, तसाच हा सावधपणा आहे.

यंत्राच्या पोटातले यंत्र

आता आपल्या संगणककक्षात परत येऊ. तिथे लिनक्स खऱ्या संगणकावर चालत नव्हते. विंडोजमधला एक प्रोग्राम संगणकाचे सोंग घेऊन उभा होता आणि लिनक्स त्याच्यावर चालत होते. या सोंगाला व्हर्च्युअल मशीन म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ती १९६० च्या दशकातच वापरात आली होती. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना आपापले स्वतंत्र यंत्र असल्यासारखे काम करता यावे, हा हेतू होता. घरगुती संगणकांवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरच्या प्रोग्रामने रुळवली. व्हर्च्युअलबॉक्स २००७ साली सर्वांसाठी खुला झाला.

या व्यवहारात बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतल्या प्रणालीला पाहुणा म्हणतात. इथे विंडोज यजमान आणि लिनक्स पाहुणा. पाहुण्याला जे प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स कार्ड दिसते ते सगळे यजमानाने दाखवलेले असते. खरा मॉनिटर यजमानाच्या ताब्यात असतो. पाहुण्याच्या वाट्याला येते ती यजमानाच्या पडद्यावरची एक खिडकी.

आणि खरी अडचण इथेच आहे. मॉनिटरचा आकार ठरलेला असतो, खिडकीचा नसतो. ती आपण माऊसने हवी तेव्हा लहानमोठी करतो. काही आभासी यंत्रे पाहुण्यापुढे एक बनवलेले ओळखपत्र ठेवतात, पण तेही क्षणाक्षणाला बदलणाऱ्या खिडकीला पुरे पडत नाही. खिडकी बदलली की दर वेळी कुणीतरी आत जाऊन "आता जागा एवढी आहे" असे सांगायला हवे. असा निरोप्या आत नसेल, तर पाहुणा सावधपणे ८०० × ६०० सारख्या लहान आकारात बसून राहतो.

आधी निदान

डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाही. आपणही आधी तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: चौकट लहान आहे, की अक्षरे लहान आहेत? चौकट लहान असेल तर पिक्सेल कमी मिळाले आहेत. पण चित्र पूर्ण पडदाभर असून अक्षरे मुंगीएवढी दिसत असतील, तर पिक्सेल भरपूर आहेत आणि ते फार दाट आहेत. अशा वेळी रेझोल्यूशनला हात न लावता पाहुण्याच्या पडद्याच्या मांडणीत अक्षरे व चित्रे १५० किंवा २०० टक्के मोठी करावीत.

दुसरा प्रश्न: चित्र मोठे आहे पण धूसर आहे का? तसे असेल तर बहुधा 'स्केल्ड मोड' चालू आहे. त्यात यजमान लहान चित्र नुसते ताणून मोठे करतो. विज्ञानाच्या शिक्षकांना हा फरक लगेच कळेल. सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो कितीही मोठा छापला तरी मुळात न टिपलेला तपशील त्यात येत नाही. विवर्धन वेगळे आणि विभेदन वेगळे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की हा मोड बंद होतो.

तिसरा प्रश्न: काल नीट होते आणि आज बिघडले का? याचे कारण वेगळे असते. ते पुढे येईलच.

बटण दिसत नसेल तर

उपायाकडे जाण्यापूर्वी सुरुवातीचा पेच सोडवू. खिडकीची वरची पट्टी न पकडताही खिडकी हलवता येते. पुष्कळ डेस्कटॉपांत आल्ट ही कळ दाबून धरायची, खिडकीत कुठेही माऊसचे बटण दाबायचे आणि खिडकी वर ओढायची. खिडकीचा माथा चौकटीबाहेर जातो आणि पाय दिसू लागतात. काही डेस्कटॉपांत, उदाहरणार्थ ग्नोममध्ये, आल्टऐवजी विंडोजचे चिन्ह असलेली कळ वापरतात. एवढे माहीत असते तर त्या दिवशीचा तास वाया गेला नसता.

मुख्य उपाय: आत निरोप्या बसवणे

व्हर्च्युअलबॉक्समध्ये या निरोप्याचे नाव 'गेस्ट ॲडिशन्स' आहे, म्हणजे पाहुण्याच्या बाजूला घालायची जोड. ती व्हर्च्युअलबॉक्सबरोबरच एका आभासी सीडीच्या रूपात मिळते. काही लिनक्स वितरणांत ती आधीच घातलेली असते. नसेल तर क्रम असा.

१. आभासी यंत्राची सद्यःस्थिती जतन करून ठेवा. याला 'स्नॅपशॉट' म्हणतात. पुढे काही चुकले तर एका क्लिकने मागे येता येते.

२. पाहुण्या लिनक्समध्ये कंपायलर, मेक हे साधन आणि चालू कर्नलचे 'हेडर्स' बसवा. उबुंटू किंवा डेबियनमध्ये 'बिल्ड-एसेन्शियल' आणि 'लिनक्स-हेडर्स' या नावांनी ते मिळतात. यासाठी इंटरनेट लागते.

३. खिडकीच्या 'डिव्हायसेस' या यादीतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी आत घाला. तिच्यावरचा 'व्हीबॉक्सलिनक्सॲडिशन्स' हा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालवा.

४. पाहुणा बंद करून पुन्हा सुरू करा. 'व्ह्यू' या यादीत पाहुण्याचा पडदा आपोआप बदलण्याची सोय चालू आहे ना, ते पाहा.

आता खिडकीचा कोपरा ओढून पाहा. यजमानाची खिडकी बदलते. आभासी ग्राफिक्स कार्ड नवा आकार कळवते. आत बसलेला निरोप्या तो ऐकून लिनक्सच्या प्रदर्शनव्यवस्थेला सांगतो. ती नवा तक्ता आखते आणि डेस्कटॉप त्यावर पसरतो. ही सारी साखळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरी होते.

दुसऱ्या पायरीतली खटपट कशासाठी, असा प्रश्न मुले विचारतील. या जोडीचा काही भाग लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसतो. तो त्या विशिष्ट कर्नलच्या मापानेच शिवावा लागतो आणि हेडर्स म्हणजे ती मापे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. लिनक्स अद्ययावत केले की कर्नल बदलतो, मापे बदलतात आणि जुना कपडा बसत नाही. नव्या कर्नलचे हेडर्स घालून जोड पुन्हा बसवली की काम होते. यजमानावरचे व्हर्च्युअलबॉक्स नव्या आवृत्तीचे केले असेल, तर आतली जोडही त्याच आवृत्तीची करून घ्यावी.

जोड खरोखर बसली का, हेही तपासता येते. टर्मिनलमध्ये 'एलएसमॉड' ही आज्ञा दिली की कर्नलमध्ये आलेल्या भागांची यादी येते. तिच्यात 'व्हीबॉक्सगेस्ट' हे नाव दिसले पाहिजे.

दुसऱ्या आभासी यंत्रांत नावे बदलतात, तत्त्व बदलत नाही. व्हीएमवेअरमध्ये 'ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप' आणि केव्हीएममध्ये स्पाइस पद्धत वापरत असल्यास 'स्पाइस-व्हीडीएजंट' हे काम करतात.

पुरेशी स्मृती आणि योग्य कार्ड

निरोप्या बसवूनही मोठा आकार मिळाला नाही, तर आभासी ग्राफिक्स कार्डाकडे पाहावे. प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवायला सामान्यतः ४ बाइट लागतात. १९२० × १०८० च्या एका चित्राला २०,७३,६०० × ४ = ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट लागले. ३८४० × २१६० च्या पडद्याला याच्या चौपट, म्हणजे ३३ मेगाबाइट. कार्डाला १६ मेगाबाइटच दिले असतील तर हा मोठा पडदा त्यात मावणारच नाही. पाहुणा पूर्ण बंद करून 'डिस्प्ले' या मांडणीत ही स्मृती १२८ मेगाबाइट करावी. तिथेच ग्राफिक्स कार्डाचा प्रकारही निवडता येतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.० आवृत्तीपासून लिनक्स पाहुण्यासाठी 'व्हीएमएसव्हीजीए' हा प्रकार योजलेला आहे. जुन्या काळी बनवलेल्या आभासी यंत्रात दुसरा प्रकार राहून गेला असेल तर तो बदलून पाहावा.

हाताने आकार सांगणे

कधी इंटरनेट नसते, कधी जोड बसत नाही. अशा वेळी आपणच निरोप्या व्हायचे. लिनक्सची जुनी प्रदर्शनव्यवस्था एक्स असेल, तर 'एक्सरॅण्डआर' ही आज्ञा उपयोगी पडते. नुसती आज्ञा दिली की पडद्याचे नाव, उदाहरणार्थ 'व्हर्च्युअल-१', आणि उपलब्ध आकार दिसतात. हवा तो आकार यादीत नसेल तर 'सीव्हीटी' या आज्ञेला १९२० आणि १०८० हे आकडे द्यायचे. ती आकड्यांची एक ओळ देते. ती ओळ एक्सरॅण्डआरला 'न्यूमोड' म्हणून सांगायची, 'ॲडमोड' म्हणून त्या पडद्याला जोडायची आणि मग तो आकार निवडायचा. आभासी कार्डाला तो आकार झेपत असेल तर चित्र लगेच पसरते. ही व्यवस्था लॉगआउटपर्यंतच टिकते. कायम हवी असेल तर त्याच आज्ञा लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये लिहाव्या लागतात.

ती आकड्यांची ओळ मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. १९२० × १०८० साठी ती अशी येते: १७३.००, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६ आणि पुढे १०८०, १०८३, १०८८, ११२०. आपण १९२० मागितले, मग २५७६ कुठून आले?

याचे उत्तर जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये आहे. त्यात इलेक्ट्रॉनांची शलाका डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत जाई. ओळ संपली की तिला पुन्हा डावीकडे यायला वेळ लागे. तेवढा वेळ चित्र थांबवावे लागे. २५७६ मधले १९२० चित्राचे आणि उरलेले ६५६ या परतीच्या प्रवासाचे. तसेच खालून वर येण्यासाठी ४० ओळींचा वेळ. एका चित्राला एकूण २५७६ × ११२० = २८,८५,१२० ठिपक्यांचा वेळ लागतो. १७३.०० म्हणजे सेकंदाला १७.३ कोटी ठिपके. भागाकार केला की ५९.९६ येतात. सेकंदाला ६० चित्रे मागितली होती, ती जवळजवळ तेवढीच मिळाली.

आभासी पडद्यात ना काच, ना शलाका. तरीही आकडे भरावेच लागतात, कारण अर्जाचा नमुना त्या काळचा आहे. मीटरगेजची गाडी बंद झाली तरी स्थानकाच्या फलाटाची जागा तीच राहावी, तसेच हे.

आणखी एक गंमत. सीव्हीटीला १३६६ × ७६८ मागितले तर ती १३६८ देते. तिचे गणित आडव्या दिशेने आठाच्या पटीत चालते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही.

आजच्या अनेक लिनक्स वितरणांत एक्सच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था आली आहे. तिथे एक्सरॅण्डआरने आकार बदलत नाही. त्या वेळी डेस्कटॉपच्या मांडणीतूनच आकार निवडावा किंवा कर्नल सुरू होतानाच 'व्हिडिओ' या सूचनेत पडद्याचे नाव व आकार द्यावा.

वर्गात करून पाहा

१. आठवी-नववीच्या मुलांना ६४० × ४८० पासून ३८४० × २१६० पर्यंतच्या आकारांचा तक्ता करायला सांगा: एकूण पिक्सेल, लागणारी स्मृती आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर. १३६६ × ७६८ चे गुणोत्तर नेमके १६:९ येत नाही, हे मुलांनाच सापडू द्या.

२. ओळखपत्राच्या शेवटच्या बाइटची युक्ती खेळात आणा. सात संख्या फळ्यावर लिहा. आठवी अशी निवडायची की बेरजेला १० ने नि:शेष भाग जावा. मग एका मुलाला बाहेर पाठवून कुणीतरी एक संख्या गुपचूप बदलावी. परत आलेल्या मुलाने चूक झाली की नाही ते सांगावे. कोणती संख्या चुकली हे मात्र त्याला सांगता येईल का? आणि दोन संख्यांची नुसती अदलाबदल केली तर?

३. खऱ्या संगणकावर एक्स व्यवस्थेचे लिनक्स असेल तर एक्सरॅण्डआरला सविस्तर माहिती मागा. मॉनिटरचे १२८ बाइट सोळाच्या पायाच्या संख्यापद्धतीत समोर येतील. सुरुवात ००, मग सहा वेळा एफएफ, मग पुन्हा ००, अशी असते. त्यातून मॉनिटरचे निर्मितीवर्ष शोधता येते. सतराव्या बाइटात आठवडा आणि अठराव्यात वर्ष असते. वर्षासाठी त्या संख्येत १९९० मिळवायचे.

४. स्नॅपशॉट घेऊन मुलांना मुद्दाम चुकीचे आकार देऊ द्या. पूर्वी अशा प्रयोगात खरा मॉनिटर जाण्याची धास्ती असे. आभासी यंत्रात काहीच मोडत नाही, आणि म्हणून शिकायला ती फार चांगली जागा आहे.

त्या संगणककक्षात पुढच्या आठवड्यात गेस्ट ॲडिशन्स घातली गेली. एका मुलीने खिडकीचा कोपरा ओढला आणि लिनक्स पडदाभर पसरले. तिने विचारले, "सर, याला आता कसं कळलं?" शिक्षकांनी फळ्यावर मॉनिटर, संगणक आणि त्यांच्यामधला बाण काढला. मग त्या बाणावर फुली मारली आणि म्हणाले, "आधी सांगा, मागच्या आठवड्यात त्याला का कळत नव्हतं?"